तुम्ही विचारलंत म्हणून: ते उघडं तापणारं खेळणं

‘लहान मुलांच्या हातात असलं काही देतं का कोणी?’ न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या तळघरात डोकावून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे विचारलंय. एकदाच लिहून टाकतो, पुढच्याला हेच पाठवीन.

होय, ते मॅटेल कंपनीचं थिंगमेकर आहे, 1964 मध्ये आलेलं क्रीपी क्रॉलर्सवालं, म्हणजे घरच्या घरी लिबलिबीत किडे बनवायचं खेळणं. होय, चालू आहे. आणि होय, त्याची हॉट प्लेट उघडीच असते. धातूच्या साच्यात प्लास्टिगूप नावाचं पातळ प्लास्टिक बाटलीतून पिळायचं, साचा प्लेटवर ठेवायचा आणि 200 अंश सेल्सिअसच्या आसपास ते शिजताना बघत उभं राहायचं. झालं की साच्याला सुटी मूठ अडकवून तो उचलायचा आणि पाण्याच्या ट्रेमध्ये. गार झाल्यावर कड सोडवली की लिबलिबीत कोळी बाहेर.

विरोधातलं सगळं मला पाठ आहे. 1969 साली अमेरिकेत खेळण्यांच्या सुरक्षेचा कायदा झाला, त्यात विजेचे आणि चटक्याचे धोके स्पष्ट आहेत. 1992 मध्ये टॉयमॅक्सने हेच खेळणं परत आणलं ते बल्बच्या उष्णतेवर, आणि तापलेलं असताना न उघडणारं दार लावून. तेही माझ्याकडे आहे. मुलं साचा आत सरकवतात आणि फोन बघायला जातात. कारण कधी काढायचं ते यंत्रच ठरवतं! उघड्या प्लेटवर दुधट गूप कडेकडेने पारदर्शक होत येतं, मध्ये अजून पांढुरकं असतं. आता काढलं तर चिकट, राहू दिलं तर करपलं. हे ठरवायचं काम आठ वर्षांच्या पोराकडे असतं आणि ते पोर तिथून हलत नाही.

आता गेल्या गणपतीतलं. वर आरती झाली होती, मोदक वाटले जात होते, पोरं माझ्याबरोबर खाली. मैत्रिणीची मुलगी विंचू करत होती. नियम तिला तोंडपाठ होते, माझा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. मूठ अडकवून तिने साचा बरोबर उचलला. ट्रेपर्यंत अर्धं अंतर. तेवढ्यात जिन्यावरून तिची आई ओरडली, ‘वेड लागलंय का तुम्हाला?’ आणि खाली येऊन तिने मुलीचा दंड ओढला. साचा लिनोलियमवर आपटला. विंचू तिथेच चिकटला, डाग अजून आहे.

मुलीला काही झालं नाही. मी म्हणालो, ‘तुम्ही ओढलंत म्हणून पडला.’ ते खरंच होतं. पण ती थरथरत होती आणि मी हिशेब मांडत होतो, हेही खरं. वर जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं की हे मुलांना विस्तवाशी खेळवतात. मग हातात मोदक घेऊन एकेक जण खाली येऊन बघून गेला. मुलगी रडली ती विंचवासाठी की आईच्या आवाजाने, कोण जाणे. मी मात्र सगळ्यांना ‘विंचवासाठी’ असंच सांगत आलोय.

पूर्वी मी वाद घालताना म्हणायचो, आम्ही डोंबिवलीत हातात फुलबाज्या नाचवत वाढलो, काय झालं आम्हाला? हे बंद केलंय. ज्यांना झालं ते माझ्या तळघरात वाद घालायला येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

वासाचं विचारता, तेही रास्त आहे. गूप म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच, ते जास्त तापलं की धूर वाईटच, म्हणून खिडकी उघडी आणि पंखा चालू. जुन्या बाटल्या मुलांसाठी काढत नाही. मासेमारीची मऊ आमिषं बनवायला मिळतं ते प्लास्टिसॉल, म्हणजे तसंच पातळ प्लास्टिक, आणतो; थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) नसलेलं. काही थॅलेटवर इथे मुलांच्या खेळण्यांत 2008 च्या कायद्याने 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. एवढं सगळं करावं लागतं ते खेळणं आहे का, असं बायको विचारते. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

विकणार नाही. पुण्याच्या भाच्यालाही देणार नाही. हे 110 व्होल्टचं, तिकडच्या 230 वर ट्रान्सफॉर्मरशिवाय जळून जाईल. यंदा गणपतीत लावायचं तर आधी प्रत्येकाच्या आईबापांना विचारायचं, असं आमचं ठरलंय. त्या मुलीच्या आईला फोन करायला मी तयार नाही. ती नाही म्हणाली तर ती चुकतेय, असं मला छातीठोकपणे सांगताही येणार नाही. पण दारवालं काढून लावा, असं कोणी सुचवू नका.