दिवाणातली मारुती

आज सेंट्रल एव्हेन्यूवरच्या एका जुन्या दुकानात आपल्या कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना पार्ट) मारुती ८०० च्या दोन डिस्ट्रिब्युटर कॅप (स्पार्क प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारं झाकण) सापडल्या. खोक्यावर धुळीचा थर, आत माल एकदम कोरा! "भाऊ, दोन्ही घेऊन टाका, मंग भेटनार नाही." घेतल्या.

८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. फिल्टर, ब्रेक शू कुठेही मिळतात, ते कशाला साठवायचे? शोधाशोध असते ती कार्ब्युरेटर अन् इग्निशनच्या सामानाची. रबर मात्र भरून ठेवू नये. नागपूरच्या ४५ अंशांत माळ्यावरचे होज, डायफ्रॅम पार कडक होऊन तडकतात. लोखंडी पार्ट तेलाचा हात फिरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिवाणात.

बायको विचारते, रजया कुठं ठेवू? प्रश्न रास्त आहे.

कोणाकडे कार्ब्युरेटरची किट पडून असेल तर इनबॉक्स करा बे!