तुम्ही विचारलेत म्हणून: त्या हिरव्या खड्याची अंगठी का करत नाही?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण काचेच्या कपाटासमोर थांबतो, ॲपोफिलाइट या खनिजाच्या हिरव्या स्फटिकाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, की एवढा सुंदर खडा, त्याची अंगठी का करत नाही? आजवर मी "नाजूक आहे" एवढेच सांगत आलो. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

तापवले की पापुद्रे सुटतात, यावरूनच ग्रीक शब्दांतून या खनिजाचे नाव पडले. खनिजांची कठिणता मोजणाऱ्या एक ते दहाच्या मोह्स श्रेणीवर त्याची कठिणता ४.५ ते ५, म्हणजे धुळीतल्या गारगोटीचा कणसुद्धा त्यावर ओरखडा काढतो. शिवाय एका दिशेने ते अगदी सरळ दुभंगते. एरवी ते बहुधा रंगहीन किंवा पांढरे असते; व्हॅनेडियम या धातूचा अंश मिसळून आलेली ही हिरवाई विरळाच, म्हणून पुण्यातल्या पाषाण गावच्या खाणींतले हिरवे स्फटिक जगभरच्या संग्राहकांनी जपले आहेत.

हे सारे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तेच सांगणे जड जाते. आईला कोणीतरी बुधासाठी पाचू वापरायला सांगितले होते. पाचू आम्हाला परवडणारा नव्हता. तिने माझ्याकडे काहीही मागितले नव्हते. मीच मोठ्या तोऱ्यात म्हणालो, की पाचू कशाला, माझ्याकडे हिरवा खडा आहे. महाविद्यालयात असताना पाषाणच्या खाणीतल्या एका कामगाराने दिलेला, बोराएवढा, चारही बाजू शाबूत असलेला स्फटिक मी पैलू पाडणाऱ्याकडे नेला. त्याने तो उजेडात दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, याला पदर आहेत, सुटतील." मी ऐकले नाही. चाकाला टेकताच वरचा भाग चकतीसारखा सुटला, आणि उघडी पडलेली बाजू मोत्यासारखी चमकत होती. मी पुन्हा प्रयत्न करायला लावला, तेव्हा उरलेल्याचे तीन तुकडे झाले. त्याने पैसे घेतले नाहीत. घरी आई एवढेच म्हणाली, "मला तो कपाटातच बघायला आवडायचा रे."

अंगावर वागवला नाही तर दगडाचा उपयोग काय, असे तेव्हाचा मी ठासून म्हणत असे. आज मी त्याच्याशी भांडतो, पण त्याला पुरता खोटा ठरवू शकत नाही, कारण निष्णात हातांनी पैलू पाडलेले ॲपोफिलाइटही संग्रहांत आहेत, तेव्हा ते अशक्यच होते असे म्हणून माझी सुटका होत नाही. कपाटातला आताचा स्फटिक राहुरीकडचा, नंतर विकत घेतलेला आहे. पाषाणला आता शहर पोहोचले आहे; तसा दुसरा मला मिळालेला नाही. पहिली चकती निघाली तेव्हाच मी थांबलो असतो, तर उरलेला भाग आईच्या बोटासाठी पुरला असता का, हे मी अजूनही त्या चार तुकड्यांवर मोजून पाहतो.