नारदही तोच आणि कुंदनही तोच

आज दुपारी बाबांच्या शेजारी बसून ‘नया दौर’ पुन्हा पाहिला. टांगेवाल्यांच्या पोटावर पाय आणणारा, गावात बस आणणारा कुंदन पडद्यावर आला आणि बाबा एकदम म्हणाले, “अगं, हाच आमचा नारद!”

कुंदन झालेला हा नट म्हणजे जीवन. खरं नाव ओंकारनाथ धर, 1915 साली श्रीनगरला जन्मलेला काश्मिरी पंडित. सिनेमासाठी मुंबईत आला आणि सुरुवातीला स्टुडिओत रिफ्लेक्टरवर चंदेरी कागद चिकटवायचं काम केलं. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचं काम! हे वाचलं तेव्हापासून मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

पौराणिक चित्रपटांत तो इतक्या वेळा नारद झाला, की बाबांच्या पिढीला नारदाचा दुसरा चेहराच ठाऊक नाही. आणि तोच आवाज, तेच शब्द लांबवत, नाकातून बोलणं खलनायकाच्या तोंडी आलं की अंगावर काटा येतो. आज मी मुद्दाम त्याच्या मानेकडे बघत होते. मान किंचित तिरकी, डोळे बारीक, बास. आरडाओरडा नाही की मारामारी नाही. 1957 च्या कुंदनपासून 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या रॉबर्टपर्यंत वीस वर्षं हे टिकवणं मला नायकाच्या कामापेक्षा अवघड वाटतं. त्याच्या वाट्याला कौतुक मात्र कमीच आलं, याचं खरंच वाईट वाटतं.

10 जून 1987 ला तो गेला. बाबा आता त्याचा नारद असलेला एखादा जुना सिनेमा शोधायला सांगताहेत. कुणाकडे चांगली प्रिंट आहे का?