तारेचा दुसरा दिवस

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

काल दातांची तार बदलून आले, म्हणजे आज दुसरा दिवस, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस. हे आता मला पाठ झालंय. पहिल्या रात्री नुसतं आवळल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी ठणका चढतो, तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कळतं की उतरायला लागलाय आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मी विसरून चपाती पुढच्या दातांनी तोडायला जाते. आत्ता मात्र वरचे-खालचे दात नुसते टेकले तरी कळ डोळ्यापर्यंत जातेय.

आणि नेमकी आजच आमच्या गल्लीची टेंबलाई देवीची यात्रा. सकाळपासून पी-ढबाक वाजप चालू, पंचगंगेचं नवं पाणी घेऊन पोरी नटूनथटून निघालेल्या, मागनं सगळ्या बायका, आणि आखाड म्हटल्यावर दुपारी घरोघरी मटण शिजतंय. लग्न होऊन आल्यापासून मी एक वर्ष चुकवलं नव्हतं, देवीच्या टेकडीपर्यंत चालत जायची. आज आतल्या खोलीत खिडकी लावून, डोळ्यावर ओढणी टाकून पडले होते. वाजप लांब जाईपर्यंत ऐकत राहिले आणि रडू आलं. दातासाठी नाही, त्या टेकडीसाठी.

दुपारी आई वाडगा घेऊन आल्या. पांढऱ्या रश्श्यात मऊ भात कालवलेला, मटणाचे अगदी बारीक तुकडे करून घातलेले, हाडाचा कण पण नाही. "नुसता गिळ. उपाशी ऱ्हायलीस की डोकं उठतंय तुझं, म्हाईत हाय की मला." ह्याच आईंनी सुरुवातीला विचारलं होतं, 37 वर्षांच्या बाईला आता क्लिपा कशाला, लग्न जमवायचंय काय? तेव्हा मला फार लागलं होतं ते. आज वाडगा हातात घेतला आणि ते सगळं मनातून गेलं.

कशाला, ते एकदा नीट लिहून ठेवते. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, ब्रश पोचायचाच नाही, हिरड्यातनं रक्त. वरचा एक दात खालच्या दाताच्या मागे बसायचा आणि त्याची कड झिजत चाललेली. हे लहानपणापासून होतं, पण तेव्हा घरात तीन भावंडांच्या फिया भरायच्या होत्या, दात कोण बघतंय. आणि दुसऱ्या बाजूला 19 व्या वर्षापासून अर्धशिशी. आमच्याकडं सगळे त्याला पित्तच म्हणायचे, उलटी झाली की जरा बरं वाटतं म्हणून. त्यात थायरॉइड निघाला, हिमोग्लोबिन फक्त 9.2. थकवा कशाचा, डोकं कशानं, काही कळायचं नाही.

पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथं सांगितलं, तारा लावा, मायग्रेन पण जाईल, सगळं जबड्यामुळंच असतंय. आठवडाभर मी त्या वाक्यावर तरंगत होते. इतकी वर्षं डोकं धरून बसलेल्या माणसाला कोणी असं सांगितलं तर तो काय करणार, विश्वासच ठेवणार. पैशाची जुळवाजुळव पण सुरू केली होती. मग मैत्रिणीनं ओढत दुसऱ्या मॅडमकडं नेलं. त्यांनी एक्सरे उजेडाला धरून बघितला आणि म्हणाल्या, "डोक्यासाठी लावणार असाल तर लावू नका. दात रांगेत येतील, हिरड्या स्वच्छ ठेवता येतील, एवढं मी सांगते. डोक्याचं मेंदूच्या डॉक्टरांकडं बघा." वाईट वाटलं. पण ह्यांच्याकडंच लावायच्या हे मी तिथल्या तिथं ठरवलं.

त्या दिवशी मॅडमनी सगळं विचारलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाळी नियमित आहे का, रात्री दात खाता का, डोक्याचा एमआरआय सांगितलाय का कुणी, कारण स्टीलच्या क्लिपा असल्या की फोटो खराब येतो, करायचाच असेल तर आधी करून घेतलेला बरा. एवढ्या वर्षांत माझं सगळं एका बैठकीत कोणी विचारलं नव्हतं. आधी हिरड्यांची सफाई, मग दोन महिने थांबायला लावलं, मग सुळ्यांमागच्या चार छोट्या दाढा दोन वेळा करून काढल्या, मग तार.

मी विचारलं होतं, हाडात रुतलेला दात सरकतो तरी कसा. त्यांनी चिठ्ठीच्या मागे काढून दाखवलं. तार दाताला ढकलते, ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन भरत येतं, म्हणून हे इतकं सावकाश. आपल्या वयात जबड्याची वाढ झालेली असते, त्यामुळं आहे त्या जागेतच दात बसवायचे. आणि हे होताना आत सूज येते, ती असते म्हणूनच दात हलतो, त्यामुळं ब्रुफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या रोज रोज घेऊ नका, लागलीच तर पॅरासिटामॉल. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. दुखतंय तेव्हा काढून बघते. दुखणं कमी होत नाही पण आत काय चाललंय ते माहीत असलं की भीती कमी वाटते.

मी पतसंस्थेत काउंटरला आहे, संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय उठायचं नाही ही सवय. त्यातनंच वही सुरू केली. तारीख, झोप, जेवण, दात, डोकं, गोळी. एवढेच रकाने. मे महिन्यात बेरीज मारली तर पेनकिलर घेतलेले दिवस 17. सतरा! एप्रिलमध्ये पण तसंच. मेंदूच्या डॉक्टरांनी वही वाचली, पानं मागं-पुढं करून बघितली आणि सांगितलं की साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मायग्रेनच्या खास गोळ्या नाहीतर दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या मिक्स गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं काही महिने चाललं की त्या गोळ्यांमुळंच डोकं दुखायला लागतं. माझे हातपाय गार पडले. माझ्या मनात दोन वेगळी खाती होती, दाताची गोळी दाताच्या खात्यात, डोक्याची डोक्याच्या. दोन्ही एकत्र मोजायच्या हे कधी सुचलंच नव्हतं. आता रोजची एक वेगळी गोळी चालू केलीय, डोकं उठूच नये म्हणून, आणि पेनकिलरचे दिवस मोजून.

वहीतनं अजून एक निघालं. तार टाइट केल्यावर जे दुखतं ती अर्धशिशी नव्हेच. दोन्ही कानशिलं आवळल्यासारखी, उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही. मी झोपेत दात घट्ट आवळते त्याचं ते दुखणं. खरी अर्धशिशी यायची तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डाव्या बाजूला, आधी डोळ्यासमोर नागमोडी चमकायचं. सहा वेळा तार बदलली त्यातल्या चार वेळा असं झालं आणि चारही वेळा जेवणाच्या रकान्यात "चहा-बिस्किट" लिहिलंय. चावता येत नाही म्हणून मी दोन दोन दिवस जेवतच नव्हते. उपाशीपोटी अर्धशिशी उठते हे आईंना वहीशिवाय कळलं होतं.

त्यामुळं आता तारेच्या आदल्या दिवशीच तयारी. नाचणीची आंबील, ताक-भात, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्यावर, तासाभरानं चहा, लोहाची गोळी दुपारी, मध्ये चार तास तरी जायला पाहिजेत, आणि चहाबरोबर तर अजिबात नाही. हे सगळं सांभाळताना कधी कधी असं वाटतं की नोकरी ही आहे आणि पतसंस्था जोडधंदा.

संध्याकाळी अजून एक झालं. मागच्या दाढेजवळ तारेचं टोक गालात घुसत होतं. लेकीनं मोबाइलचा टॉर्च धरला, मी आरशासमोर गाल बोटानं ओढून कापसानं ती जागा कोरडी केली, क्लिपांवर लावायच्या मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा बोटात मळून मऊ केला आणि टोकावर दाबून बसवला. ओलं राहिलं की मेण धरत नाही, दोनदा निसटलं. "मम्मी, इथं पांढरं झालंय गं," म्हणाली. तोंड आलंय तिथं. तिनंच मिठाचं कोमट पाणी करून आणलं. मग बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, तो मागचा दात पुढं आलाय, खरंच आलाय. मी टॉर्च घेऊन बघितलं. खालच्या दाताच्या मागे असायचा तो आता कडेवर कड टेकवून उभा आहे. सात महिन्यांत एवढंच, पण आहे.

काउंटरला लोक बघतात, "बाई, ह्या वयात?" विचारतात, "स" म्हणताना जीभ अडकते तेव्हा समोरचा माणूस दोनदा विचारतो. ते मला अजून लागतं. लागणारच.

वाजप थांबलंय आता. आजची ओळ: झोप सहा तास, जेवण तीनदा, दात ठणका, डोकं जड पण दोन्ही बाजूंनी, गोळी एक, दुपारी. ह्या महिन्यातला पेनकिलरचा पाचवा दिवस.

गरम पाण्याची पिशवी मानेखाली घेऊन पडते. सहाचा गजर लावलाय.