साखर कोण वेगळी करतं?

"अपकेंद्री बल खरं नसतं असं तुम्ही वर्गात सांगता. मग कारखान्यात मळीपासून साखर वेगळी कोण करतं?" कोल्हापुरात यंत्रशास्त्र, म्हणजे गती आणि बलांचं शास्त्र, शिकवताना हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि ऊस लावणाऱ्या घरातलीच मुलं तो विचारतात. आता पालकही विचारू लागलेत. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी यंत्र बघू. पॅनमध्ये, म्हणजे मोठ्या कढईत, शिजून साखरेचे दाणे धरलेला उसाच्या रसाचा दाट माल जाळीच्या टोपलीत सोडतात आणि टोपली जोरात फिरवतात. ६० सेंटिमीटर त्रिज्येची टोपली मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर जाळीपाशी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या हजारपटीच्या आसपास जातं. काळी मळी छिद्रांतून बाहेर पडते, दाणे आत राहतात. वरून पाण्याचा फवारा बसला की तो तपकिरी थर बघता बघता उजळतो. जमिनीवर उभं राहून सांगायचं तर मळीला कुणीही बाहेर ढकललेलं नाही. प्रत्येक थेंब सरळच निघालेला असतो. दाण्याला जाळी आत वळवते. छिद्रासमोरच्या मळीला वळवणारं कुणी नसतं, म्हणून ती निसटते. टोपलीबरोबर फिरत हिशेब मांडलात, तर मात्र बाहेरच्या दिशेचं बल, म्हणजेच अपकेंद्री बल, धरावंच लागतं. मळी किती वेळात निघेल, याचं उत्तर दोन्हीकडून एकच येतं.

यातलं बाहेरच्या ओढीचं गणित आधी झालं. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६५९ मध्ये ते केलं, आणि लंबकाच्या घड्याळावरच्या १६७३ च्या ग्रंथाच्या शेवटी त्याची प्रमेयं सिद्धतेविना छापली. न्यूटननं १६८७ मध्ये आतल्या ओढीला मुख्य जागा दिली. तिथून चंद्र आणि फेकलेला दगड एकाच गणितात आले.

पण मुलांची शंका ज्यानं खरी मनावर घेतली तो हाइनरिख हर्ट्झ, विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगानं दाखवणारा. १८९४ च्या पहिल्याच दिवशी, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. यंत्रशास्त्रावरचं त्याचं पुस्तक त्याच वर्षी निघालं. प्रस्तावनेत तो दोरीला बांधून फिरवलेला दगड घेतो. हात दगडाला आत ओढतो हे ठीक. पण दगडाचं म्हणून जे बाहेरचं बल आपण सांगतो, ते त्याच्या जडत्वाहून वेगळं काही आहे का? इथं विचारी श्रोत्यांसमोर शिकवणारा अवघडतो आणि घाईनं उदाहरणांकडं वळतो, असंही तो लिहितो. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्याचं म्हणणं असं: आपण वस्तूंची मनात चित्रं करतो. अट एकच, चित्रातून जे अटळपणे निघतं ते निसर्गात अटळपणे घडणाऱ्याशी जुळलं पाहिजे. असं जुळणारी चित्रं एकाहून जास्त असू शकतात. मग ज्यात विसंगती नाही आणि फालतू भर कमी, ते निवडायचं. त्यानं स्वतः बल ही कल्पनाच मुळातून काढून, अदृश्य वस्तुमानं धरून यंत्रशास्त्र रचलं. रोजच्या व्यवहारात मात्र नेहमीचीच मांडणी सोयीची, हेही मान्य केलं.

याचा अर्थ कुठलंही चित्र चालेल असा नव्हे. गोफणीतून सुटलेला दगड हातापासून थेट बाहेर जातो असं पुष्कळ मुलं काढतात. जोंधळ्यातली पाखरं हाकणाऱ्याला विचारा: दगड स्पर्शरेषेनं जातो, म्हणून नेम धरताना सोडायची वेळ सांभाळावी लागते. फिरत्या चौकटीतून, म्हणजे गोफणीबरोबर आपणही फिरतोय असं धरून, हीच वाट काढायची तर एकटं अपकेंद्री बल पुरत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसनं १८३५ मध्ये मांडलेलं दुसरं बलही जोडावं लागतं. तेव्हा कुठं हिशेब जुळतो.

म्हणून टोपलीच्या चौकटीत अपकेंद्री बल लिहिणाऱ्या इंजिनिअरला मी चूक म्हणत नाही. पण ते बल कोण लावतं, असं विचारलं तर बोट दाखवायला वस्तू सापडत नाही. दाण्याला आत वळवणाऱ्या जाळीकडं बोट दाखवता येतं. ती फाटली तर साखरही मळीबरोबर जाते.