आत्याचं पहिलं मत आणि दहावीचा इतिहास

ऑगस्टमध्ये लेकीला कावीळ झाली आणि दहावीची शाळा दोन महिने बुडाली. गणित-विज्ञानाला सोसायटीतल्या एक ताई घरी येत. इतिहास-राज्यशास्त्र माझ्या वाट्याला आलं. ४० गुणांचा पेपर, पाठ केलं की झालं, असं जो तो म्हणायचा. मीही गाइड आणलं. ती पडल्या पडल्या ऐकायची, मी उत्तरं वाचायची, मग तिने म्हणून दाखवायची.

पहिल्याच धड्यात गाडी अडली. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा: व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स. रांकेने मूळ कागदपत्रांवर भर दिला, हे तिला तोंडपाठ. पण ‘म्हणजे काय गं?’ विचारलं की गप्प. मलाही धड समजावता येईना.

वाट सापडली राज्यशास्त्रात. मतदाराचं वय २१ वरून १८ झालं, असं ‘संविधानाची वाटचाल’ या धड्यात आहे. माझ्या नणंदेचा जन्म १९७० चा, ठाण्यातच वाढलेली. लेकीला म्हटलं, आत्याला फोन लाव, तिने पहिलं मत कधी दिलं ते विचार.

आत्या रंगून बोलली. कागदी मतपत्रिका, त्यावर शिक्का, घडी घालून पेटीत टाकायची, बोटाची शाई मैत्रिणींना दाखवत फिरायचं. आमच्या लेकीला मतदान म्हणजे यंत्राचं बटण एवढंच माहीत, ती ऐकतच राहिली. आत्या म्हणाली, “१८ पूर्ण झाली आणि त्याच वर्षी, ८८ ला मत दिलं.” लेकीने सगळं वहीत उतरवलं.

मग आम्ही तारखा शोधल्या. वय १८ करणारी ६१वी घटनादुरुस्ती १९८८ ची, पण अमलात आली मार्च १९८९ मध्ये. त्यानंतरची लोकसभा निवडणूक नोव्हेंबर १९८९ ची. मग ८८ साली आत्याने मत दिलं कसं?

पुन्हा फोन. आत्या आधी ठाम होती. मग म्हणाली, “थांब, तेव्हा मी एस.वाय.ला होते. म्हणजे ८९च.” फोन ठेवून लेक म्हणाली, “आई, आत्या खोटं नव्हती बोलत. तिला शिक्का, शाई सगळं आठवतंय, फक्त साल चुकलं.” त्या संध्याकाळी तिने रांकेवरचं उत्तर गाइड न उघडता लिहिलं. चार ओळींचंच, पण तिचं स्वतःचं. माझे डोळे भरून आले.

तेव्हापासून प्रत्येक धड्याला एकच प्रश्न: हे आपल्याला कशावरून कळलं? लिखित, भौतिक की मौखिक साधनावरून? डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिल्यावर तिला ठाणे कारागृहाच्या भिंतीपाशी नेलं. हा मूळचा किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. कॉलेजात असताना मी या भिंतीकडे न बघता रोज रिक्षाने जायची. लेक बराच वेळ दगड न्याहाळत उभी होती.

सगळेच धडे असे झाले नाहीत. राजकीय पक्षांचा धडा सरळ पाठ केला, वेळच उरला नव्हता. संकल्पनाचित्रं आणि ‘सकारण स्पष्ट करा’ यांच्या सरावाला गाइड उपयोगी पडलं. पण सुरुवात त्याने करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

दिवाळीनंतर ती शाळेत जाऊ लागली. वहीत त्या पानावर ८८ खोडून ८९ केलंय, आणि समासात लिहिलंय: आत्या, मौखिक साधन, साल तपासले.