शेजारच्या आजोबांची ऑबिच्युअरी लिहिली: माझा अनुभव

अमेरिकेत, आयोवात किंवा आजूबाजूला छोट्या गावात राहणाऱ्या कुणावर ऑबिच्युअरी, म्हणजे पेपरात छापायचा मृत्युलेख, लिहायची वेळ आली तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय. नवऱ्याची नोकरी वॉटरलूला, ट्रॅक्टरच्या कारखान्यात, आणि घर स्वस्त मिळालं म्हणून आम्ही तिथून बऱ्याच अंतरावरच्या एका गावात राहतो. गाव म्हणजे एक धान्याचं एलिव्हेटर (धान्य साठवायचं उंच कोठार), एक लुथरन चर्च, एक केसीज (पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान), आणि शाळेची इमारत जिच्यात आता शाळा नाही, मुलं बसने शेजारच्या गावात जातात. शेजारचे आजोबा मार्चमध्ये गेले. नव्वदी पार केली होती. जन्म त्याच टाउनशिपमधला, आणि आर्मीतली दोन वर्षं सोडली तर कुठे राहिले नाहीत.

लिहायचं काम माझ्याकडे कसं आलं तर, मुलगी एकच, ती अ‍ॅरिझोनात, तिला विमान मिळून पोचायला वेळ लागणार होता, आजी, म्हणजे त्यांची बायको, असिस्टेड लिव्हिंगमध्ये (म्हाताऱ्या माणसांची काळजी घेतात तिथे), आणि फ्युनरल होमवाले, म्हणजे अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था बघणारे, म्हणाले मजकूर उद्या दुपारपर्यंत द्या, साप्ताहिक बुधवारी निघतं, हा अंक चुकला तर अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर बातमी येईल. मुलगी फोनवर म्हणाली, तू रोज बोलायचीस ना बाबांशी, तूच लिही. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं आपल्याकडच्या पेपरातल्या ‘दुःखद निधन’सारखं असेल, फोटो, तारीख, शोकाकुल समस्त परिवार, संपलं. तसं नसतं. फ्युनरल होमने एक फॉर्मच दिला: जन्म कुठे, आईवडील कोण, आईचं माहेरचं आडनाव, बाप्तिस्मा कधी, कन्फर्मेशन कधी, शाळा, सैन्य, लग्न, शेती, कुठल्या कुठल्या बोर्डावर होते, मागे कोण आहे, आधी कोण गेलं. एवढं सगळं भरायचं आणि मग त्याची वाक्यं करायची. साप्ताहिकवाले थोडेच पैसे घेतात पण शहरातल्या रोजच्या पेपरात द्यायचं असेल तर लांबीवर बिल लागतं, ते आधी विचारून घ्या. तसंच फ्युनरल होमकडे छापील दरपत्रक मागा, १९८४ पासून फेडरल नियमच आहे की प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव लेखी द्यायचा, संकोच करायचं काही कारण नाही. इथले डायरेक्टर सज्जन, त्यांनी न मागता हातात दिलं.

पहिलंच अडलं ते आईच्या माहेरच्या आडनावावर. मुलीला आजोबांच्या आईचं माहेर माहीत नाही! १९५० च्या जनगणनेची पानं २०२२ मध्ये खुली झाली, ७२ वर्षं बंद ठेवतात ती, त्यात आजोबा सापडले, वडिलांच्या शेतावर, मुलगा म्हणून, काम शेतमजुरी, पण त्यात माहेरची नावं नसतात. शेवटी पास्टरना फोन केला. त्यांच्याकडे आता तीन गावांची चर्च आहेत, त्या दुसऱ्याच गावात होत्या, म्हणाल्या ऑफिसच्या कपाटात जाडी वही आहे, किल्ली अमक्या बाईंकडे, जा आणि बघ. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद इंग्रजीत मिळाली, आईच्या नावासकट. पण त्याच वहीची आधीची पानं उलटली तर सगळं जर्मनमध्ये, त्या काट्याकाट्यांच्या जुन्या अक्षरात, आणि मग एकदम इंग्रजी. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, इथला गव्हर्नर हार्डिंग याने फर्मानच काढलं होतं की सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, चर्चमध्ये, अगदी फोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय काही बोलायचं नाही. आजोबांच्या वडिलांचं घरातलं जर्मनही त्याच सुमाराला बंद पडलं असं आजी म्हणाल्या. मी आमच्या मुलांशी पोर्चवर मराठीत ओरडत असते ते हे आजोबा कान देऊन ऐकायचे, आणि कधीकधी नुसते हसायचे. असो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे डीडी-२१४. अमेरिकन सैन्यातून सुटताना मिळतो तो कागद. तो असेल तर सरकारकडून झेंडा मिळतो, कबरीसाठी मार्कर (नाव कोरलेली पाटी किंवा दगड) मिळतो, आणि अंत्यसंस्काराला सैनिकी मानवंदना मिळते, कायद्यानेच, निदान दोन जवान गणवेशात येणार, झेंडा घडी करून देणार आणि टॅप्स, म्हणजे निरोपाची बिगुलची धून, वाजणार. नसेल तर नुसतं ‘ते सैन्यात होते हो’ सांगून चालत नाही. घरात शोधलं, डेस्कमध्ये नाही, बायबलमध्ये नाही, फ्रीझरमध्येसुद्धा बघितलं कारण मुलगी म्हणाली बाबा महत्त्वाचे कागद तिथे ठेवायचे (जमिनीचे कागद खरंच तिथे होते, मटणाच्या पाकिटांखाली). सेंट लुईसला जे नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर आहे तिथे अर्ज करता येतो, पण तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती आणि १९१२ ते १९६० च्या दरम्यान आर्मीतून सुटलेल्यांची सुमारे ऐंशी टक्के रेकॉर्ड्स त्यात जळाली. आजोबा सुटले १९५४ मध्ये. आणि तसंही आमच्या हातात आठवडासुद्धा नव्हता.

मार्ग सांगितला तो फ्युनरल होमच्या डायरेक्टरनेच. त्या काळी सुटून आलेल्या पोरांना सांगायचे की गावी गेलात की आधी कोर्टहाऊसमध्ये जाऊन हा कागद नोंदवा. म्हणून काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जिल्ह्याचे दस्त सांभाळणाऱ्या ऑफिसात, विचारा. पण तो कागद कुणालाही देत नाहीत, जवळचं नातं लागतं. मग मी आजींनाच गाडीत घातलं, वॉकर डिकीत टाकला आणि गेलो. काउंटरवरची बाई आजींना नावाने ओळखत होती (इथे कोण ओळखत नाही), तिने आतून इंडेक्स बघितला आणि एक भलंमोठं रजिस्टर दोन हातांनी उचलून आणलं. पान काळं आणि अक्षरं पांढरी, फोटोच्या निगेटिव्हसारखं, तेव्हाची कॉपी करायची पद्धत. कोपऱ्यात आजोबांची सही, विशीतली, अगदी शाळकरी वळणाची. आजी पानावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हा एस नंतर बदलला त्याने.’ बाईने प्रमाणित प्रत काढून दिली, पैसे घेतले नाहीत.

आणि त्या कागदाने एक घोळ निस्तरला. गावात सगळे धरून चालले होते की आजोबा कोरियाला लढले. मुलीने तसंच लिहून पाठवलं होतं. कागदावर होतं: सक्तीची भरती १९५२, मोटर पूलमध्ये (सैन्याच्या गाड्यांचं गॅरेज) मेकॅनिक, आणि पदक आर्मी ऑफ ऑक्युपेशनचं, जर्मनी. म्हणजे कोरियाचं युद्ध चालू असताना हे जर्मनीत ट्रक दुरुस्त करत होते. आजी म्हणाल्या, त्याने कधी म्हटलंच नाही कोरिया म्हणून, लोक म्हणायचे आणि तो गप्प बसायचा, कारण त्याच्या वर्गातला एकजण खरंच तिथे गेला आणि परत आला नाही, त्याच्यासमोर स्वतःचं काय सांगणार. मी ऑबिच्युअरीत सरळ ‘जर्मनी’ लिहिलं. मुलगी थोडी हिरमुसली. पण छापून आलं की तेच कायमचं राहतं, पुढची पिढी तेच कात्रण काढून वाचते, तिथे मोठेपणासाठी खोटं कशाला घालायचं.

बाकीचं आयुष्य मिळालं केसीजच्या टेबलावर. सकाळी सहाला तिथे पाचसहा म्हातारे कॉफी घेऊन बसतात, आजोबांची खुर्ची ठरलेली होती. मी वही घेऊन गेले तर आधी सगळे गप्प. हवामानावर बोलणं झालं, मक्याच्या भावावर झालं, मग एकाने सुरुवात केली आणि मग थांबेचनात. को-ऑपच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या, बोर्डावर किती वर्षं, फायर ब्रिगेडमध्ये कधी, जुलैत शाळकरी पोरापोरींना ट्रकमध्ये भरून बियाण्याच्या मक्याचे तुरे उपटायला कोण न्यायचं (हेच), २०२० च्या ऑगस्टमधल्या त्या डेरेचो वादळात शेजाऱ्याचा धान्याचा पत्र्याचा बिन उडून कुठे पडला. आणि मग १९८० च्या दशकाचं निघालं. तो काळ इथे अजून दबक्या आवाजात सांगतात. १९८० च्या शेवटी बँकांचा प्राइम रेट, म्हणजे सगळ्यात भरवशाच्या गिऱ्हाइकाला लावतात तो व्याजदर, साडेएकवीस टक्क्यांवर गेला होता, आणि १९८१ नंतर पाच वर्षांत आयोवातली जमीन साठ टक्क्यांहून जास्त पडली, म्हणजे ज्या जमिनीच्या जिवावर कर्ज काढलं तिची किंमतच कर्जाएवढी राहिली नाही. घराघरात लिलाव. मी सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, मला कर्ज आणि जप्ती काय ते कुणी समजावून सांगायला नको. तर अशाच एका शेजाऱ्याच्या लिलावात आजोबांनी त्याच्या बायकोचं शिलाई मशीन पाच डॉलरला घेतलं, दुसरं कुणी बोली लावेना कारण सगळ्यांना कळलं होतं, आणि जाताना तिच्याच गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून निघून गेले.

मी म्हटलं हे तर घ्यायलाच हवं! टेबलावर परत शांतता. मग सगळ्यात कमी बोलणारा म्हातारा म्हणाला, ‘त्यांची मुलं इथेच राहतात.’ बस, एवढंच. नाव न घालता लिहिलं असतं तरी पूर्ण काउंटीला कळलं असतं कोण ते. मी ते काढलं. म्हणून तुम्ही असल्या गावांतल्या ऑबिच्युअरी वाचल्यात तर कोरड्या वाटतील, चर्चचे सभासद, को-ऑपचे संचालक, पत्त्यांची आवड, नातवंडांवर प्रेम, सगळ्यांच्या एकसारख्या. मला आधी वाटायचं यांना लिहिता येत नाही. आता वाटतं की अर्धं गाव वाचणारं आणि अर्धं गाव त्यात असणारं असेल तर असंच लिहिलं जाणार, आणि ज्याला माहीत आहे तो ‘शेजाऱ्यांच्या मदतीला कायम तयार’ एवढं वाचून शिलाई मशीनपर्यंत आपला आपण पोचतो. फक्त एक केलं. मुलीच्या मसुद्यात ‘कुटुंबीयांच्या सान्निध्यात शांतपणे’ असं होतं, ते कुठूनतरी उचललेलं वाक्य, ते बदलून ‘घरी, झोपेत’ केलं. तिने काही म्हटलं नाही.

व्हिझिटेशन आदल्या संध्याकाळी. पेटी उघडी असते, रांगेत जाऊन कुटुंबाचे हात हातात घ्यायचे, दोन वाक्यं बोलायची, पुढे सरकायचं. आपल्याकडे त्याच दिवशी सगळं उरकतं, इथे मध्ये चारपाच दिवस जातात, मला ते पहिल्यांदा फार विचित्र वाटलं होतं, आता सवय झाली. पेटीजवळ आजोबांची बियाणं कंपनीची टोपी ठेवली होती, रोजची मळकी नाही, रविवारची. दुसऱ्या दिवशी स्मशानात लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या, म्हाताऱ्यांनी बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या, आणि टॅप्स वाजवणाऱ्या पोराने बिगुल ओठाला लावलं पण आत इलेक्ट्रॉनिक यंत्र होतं, खरे वाजवणारे पुरत नाहीत म्हणून असं करतात, आवाज मात्र खणखणीत. झेंड्याचा त्रिकोण आजींच्या मांडीवर आला. दगड आधीचाच, जोडीचा, दोघांची नावं कोरलेली, मृत्यूच्या जागा मोकळ्या.

मग चर्चच्या तळघरात जेवण. हे खातं चर्चच्या बायकांचं, फोन करून प्रत्येकीला पदार्थ वाटून देतात: हॅमचे बन्स, चीज घातलेले बटाटे, हिरवी जेलो, बार्स (पॅनमध्ये करून चौकोनी कापायचं गोड). मला आल्या ‘एक पॅन बार्स’. मी नारळाच्या वड्या केल्या, वेलदोडा जरा कमी घातला, चौकोनी कापल्या, ट्रेला नावाची चिकटपट्टी लावली नाहीतर ट्रे परत येत नाही. कोकोनट बार्स म्हणून पहिल्यांदा संपल्या आणि एका बाईंनी रेसिपी मागितली, ‘साखरेचा पाक एकतारी’ हे इंग्रजीत सांगताना माझी वाट लागली. आणि शिलाई मशीनची गोष्ट तिथे, बटाट्यांच्या रांगेत, मी दोन जणांकडून ऐकली. त्यातली एक त्या मशीनवाल्या बाईंची मुलगीच होती.

नंतरचं किरकोळ: सोशल सिक्युरिटीला फ्युनरल होमच कळवतं, जोडीदाराला एकरकमी २५५ डॉलर मिळतात, हो, दोनशे पंचावन्नच. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती जास्तीच्या घ्या, प्रत्येक ऑफिस स्वतःची मागतं. मार्करचा अर्ज वेगळा करायचा असतो, तो विसरू नका.

गेल्या महिन्यात आजींनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या माझी आत्ताच लिहून टाक, मी तपासून देते. त्या शाळेत बास्केटबॉल खेळायच्या, मुलींचा सहा विरुद्ध सहावाला, तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. आयोवात तो १९९३ पर्यंत चालला आणि राजधानी डे मॉइनला राज्य पातळीवरच्या सामन्यांना तोबा गर्दी व्हायची. आजी गार्ड. म्हणजे पूर्ण शाळेत बास्केट करायची संधीच नाही, कारण बास्केट रेघेपलीकडे. मी लिहिलं ‘उत्कृष्ट खेळाडू’. त्यांनी ते खोडलं आणि वर पेन्सिलीने लिहिलं, ‘चार वर्षं गार्ड, एकही पॉइंट नाही’, आणि कागद परत देताना म्हणाल्या मुलीला आवडणार नाही, तू बदलू देऊ नकोस.